पाचवा खाडा

घड्याळाच्या पाठीला दोन हिरवे दिवे होते, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, आणि त्यांच्या मधोमध एक काळी काच. दिव्यांचा उजेड कातडीत शिरतो, रक्त त्यातला थोडा गिळतं, उरलेला परत येतो आणि ती काच तो मोजते. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परतणारा उजेड घटतो. एवढंच तंत्र. बुद्धप्रियाला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती. तिला कळत नव्हतं ते हे, की सहा वर्षांच्या पोरीच्या मनगटावर हे घड्याळ बावन्न का दाखवतंय.

सहा वर्षांच्या लेकराची नाडी नुसतं बसलं तरी ऐंशी-नव्वदच्या पुढं असते. आणि उत्पला तर आत्ताच दोन जिने पळत चढून आली होती.

"पट्टा सैल असंल," आनंदराज म्हणाला.

पट्टा सैल नव्हता. बुद्धप्रियानं तो एका भोकानं आवळला, दिवे फडक्यानं पुसले, मुलीचं मनगटही पुसलं, आणि पाच मिनिटं तिला खुर्चीवर बसवून ठेवलं. बावन्न. मग तिनं स्वतःची तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर मोजलं. शहाण्णव.

"परत पाठवा," ती म्हणाली.

घड्याळाचं हे प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालं होतं. आनंदराज नांदेडला पाटबंधारे खात्यात, बुद्धप्रिया लातूरला. दोघांच्या बदल्यांचे अर्ज आपापल्या टेबलावर पडून. मुलगी आईजवळ राहायची आणि एक आड एक शनिवारी वडिलांबरोबर एसटीनं नांदेडला जायची. त्या दिवशी अहमदपूरच्या स्टँडवर आनंदराज पाण्याची बाटली आणायला उतरला आणि परत आला तर सीट रिकामी. पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं बुद्धप्रियानं लातूरच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून काढली. पलीकडं नवऱ्याचा ओरडण्याचा आवाज, गाड्यांचे भोंगे, कंडक्टरची बेल, आणि तिला करता येण्यासारखं काहीही नाही.

उत्पला सापडली ती कँटीनच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली. मांडी घातलेली, हात मांडीवर. रडलेली नव्हती.

"घाबरली न्हाईस का गं?" बापानं विचारलं.

"न्हाई. चुकामूक झाली तर आहे तिथंच बसायचं. मी येते, असं म्हणती आजी."

हे आनंदराजच्या आईनं, कोंडाबाईंनी, तिला खरोखरच शिकवलं होतं. चार वर्षांच्या नातीला घेऊन त्या धम्मचक्र दिनाला नागपूरला गेल्या होत्या, तेव्हा गाडीत सगळ्यांदेखत तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं होतं. त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. कोंडाबाईंना जाऊन मात्र तेव्हा चौदा महिने झाले होते.

त्या आठवड्यात बुद्धप्रियानं लहान मुलांच्या अकरा घड्याळांचा तक्ता केला. वजन, पट्ट्याचा घेर, पाण्यात टिकतं का, चार्जिंग किती तास पुरतं, मूल कुठं आहे ते किती मीटरच्या फरकानं दाखवतं, नाडी मोजतं का. आनंदराज तो तक्ता बघून म्हणाला, "पोरगी बघायला जाताना पण लोक इतक्या अटी घालत न्हाईत."

"माणूस निवडताना चूक झाली तर निभावून नेता येतं," ती म्हणाली. "नेतेच आहे की."

तो हसला. तिला हसू आलं नाही. पंचवीस मिनिटं अजून तिच्या कानात होती.

घड्याळाला सिम लागतं. ते घ्यायला ती दोन दुकानांत गेली, पण आधार कार्डाच्या यंत्राला तिचा अंगठा जुळेना. अकरा वर्षांच्या खडूनं बोटांच्या रेघा झिजल्या होत्या. दुकानदारानं तिचं बोट ओल्या फडक्यावर घासायला लावलं, साबणानं धुवून यायला सांगितलं, आणि शेवटी, "उद्या या मॅडम," म्हणाला. उद्याही तेच झालं.

"मायचं सिम हाय की," आनंदराज म्हणाला. "चालूच हाय. पडूनच हाय."

ते पडून होतं हे बुद्धप्रियाला चांगलं माहीत होतं. कोंडाबाईंचा बटणांचा फोन लोखंडी कपाटात, त्यांच्या शालीखाली असायचा. दर काही महिन्यांनी आनंदराज त्यात रिचार्ज मारायचा. गावाकडच्या बाया अजून फोन करतात, नातेवाइकांकडं तोच नंबर आहे, असं तो सांगायचा. पण एका रविवारी दुपारी कपाटात फोन वाजला आणि तिनं दार उघडेपर्यंत थांबला. पडद्यावर नाव होतं, आनंदा. आनंदराज तेव्हा गच्चीवर होता. तो खाली आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला. नंबर रीतसर बंद करून टाकावा, असं ती त्याला चार वेळा म्हणाली होती. चारही वेळा तो म्हणाला होता, "बघू."

निदान कशाला तरी उपयोगी पडेल, म्हणून ते सिम घड्याळात गेलं.

ते पहिलं, गुलाबी घड्याळ परत पाठवताना कारणाच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'नाडीचा आकडा चुकीचा.' दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला.

"मॅडम, बेबीची तब्येत ठीक आहे ना?"

"बेबी दोरीच्या उड्या मारतेय."

"मग मॅडम, ते फीचर तुम्ही बंदच करून ठेवा ना."

या वाक्याचा राग बुद्धप्रियाला तीन दिवस पुरला. मोजमाप चुकतं म्हणून मोजणंच बंद करायचं. आणि जे घड्याळ नाडी खोटी सांगतं, ते जागा तरी खरी सांगेल कशावरून? उद्या पोरगी अहमदपूरच्या स्टँडवर असायची आणि फोनवर दिसायची शाळेत.

दुसरं घड्याळ तिनं समोर बघून घ्यायचं ठरवलं. गंजगोलाईत बसलिंगप्पांचं दुकान होतं. जुना माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाईल. उत्पलाला घेऊन ती संध्याकाळी गेली. बसलिंगप्पांनी निळं घड्याळ काढलं, "सिम टाकल्याबिगर चालू होत न्हाई हे," म्हणत गुलाबीतून काढून ठेवलेलं सिम त्यात सरकवलं, आणि ते सगळं करेपर्यंत तिचे प्रश्न ऐकत राहिले.

"मॅडम, पोरीला घड्याळ घेऊन राहिलात का दवाखाना टाकून राहिलात?"

"आधी तुम्ही बांधा," ती म्हणाली.

त्यांच्या मनगटावर एक्क्याऐंशी. तिच्या मनगटावर बहात्तर. बोटांनी मोजलं तेही बहात्तर. मग तिनं ते उत्पलाला बांधलं. पडद्यावर आकडा फिरला, थांबला.

बावन्न.

बसलिंगप्पांनी घड्याळ पुन्हा स्वतःला बांधलं. ब्याऐंशी. उत्पलाला. बावन्न. त्यांनी तोच नग दुसरा काढला, सिम त्यात टाकलं. त्यांना ऐंशी. उत्पलाला बावन्न.

"काय गं बाळ, दम घेऊन राहिलीस का न्हाई तू?" ते म्हणाले. उत्पला खिदळली. ते आधी हसले, मग तिच्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि खोकं बंद करत म्हणाले, "घरी न्या. पूर्ण चार्ज झालं की येईल जाग्यावर."

जाग्यावर आलं नाही. बुद्धप्रियानं औसा रोडच्या बालरोगतज्ज्ञांकडं मुलीला नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, अठ्ठ्याण्णव मोजले, हृदय उत्तम आहे म्हणाले, आणि फीच्या कागदावर सही करता करता म्हणाले, "मॅडम, घड्याळाचं ऐकत जाऊ नका." तिला बाहेर पडताना असं वाटलं की आपण काहीतरी खुळ्यासारखं बोलून आलो. खरं तर ती एकटीच नीट मोजत होती.

डिसेंबरच्या मध्यावर, एका संध्याकाळी, ती ओट्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. समोर उत्पला पाढे लिहीत होती, डावा हात टेबलावर. निळ्या घड्याळाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक तांबडं बदाम असायचं. बऱ्याच घड्याळांत ते नुसतं शोभेचं असतं, ठरावीक गतीनं मिचकतं. या घड्याळाच्या माहितीपत्रकात मात्र छापलं होतं की बदाम प्रत्येक खऱ्या ठोक्याला मिचकतं. बुद्धप्रियाची नजर सहज त्यावर गेली.

मिचक, मिचक, मिचक, मिचक. मग काही नाही. मग पुन्हा चार.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं वीस वेळा मोजलं. दर वेळी चार, आणि पाचव्याच्या जागी रिकामं.

ती रिकामी जागा तिच्या डोळ्यांना नवी होती, बोटांना नव्हती. कोंडाबाई शेवटची दोन वर्षं लातूरला त्यांच्याजवळच होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी बुद्धप्रिया सासूचं मनगट धरायची. नाडी संथ चालायची आणि दर पाचवा ठोका गळायचा. कोंडाबाईंना त्याची गंमत वाटायची. "जल्मभर रोजंदारी केली, काळजाला पण तीच सवय लागली बघ," त्या म्हणायच्या. "चार दिस हजेरी, पाचवा खाडा." उजव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे बुद्धप्रियाला आकडा डाव्या बाजूनं, आवाज चढवून सांगावा लागायचा. "बावन्न, आत्या!" आणि त्या मान हलवायच्या, कुणीतरी हजेरी लावून घेतल्यासारख्या.

ती वही अजून होती. बुद्धप्रियानं ती पुस्तकांच्या खालून काढली. बावन्न. चोपन्न. एक्कावन्न. बावन्न. शेजारच्या रकान्यात तिनंच लिहिलेलं, 'खाडा', आणि खाली रोजच्या बरोबरच्या खुणा. शेवटची नोंद श्रावणातली, बावन्न.

तिनं वही मिटली आणि उत्पलाचं डावं मनगट धरलं. घड्याळ जरा वर सरकवून, त्याच्या खाली दोन बोटांच्या अंतरावर आपली बोटं ठेवली. बोटांखाली चौऱ्याण्णव, सलग, एकही खंड नाही. वर पडद्यावर बावन्न, चार आणि रिकामं.

"गुदगुल्या होतात आई," उत्पला म्हणाली.

एका हातात दोन नाड्या असत नाहीत. म्हणजे दोनातलं एक मोजमाप चूक. म्हणजे घड्याळ चूक. एवढा विचार तिनं नीट, पायरीपायरीनं केला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर घट्ट दाबलेले आहेत. तिला भीती वाटत नव्हती. तिला राग आला होता. दोन कंपन्या, तीन नग, एक दुकानदार, एक डॉक्टर, आणि कुणालाही एक साधा आकडा बरोबर देता येत नव्हता.

बदामाबद्दल ती कुणाशी बोलली नाही. कॉलेजात रसायनशास्त्राच्या तनुजाला फक्त एवढंच सांगितलं की सेन्सर खराब निघतायत, आणि सिम अजून आत्यांचंच आहे.

"माझ्या भाचीला घेतलंय ते घे," तनुजा म्हणाली. "राखाडी. दिसायला वाळल्या वांग्यागत हाय, पण आकडे चोख. आणि तुझी सासू तुला अजून छळून राहिली का गं, तिचंच सिम कशाला? नवं घे की."

सिमचा आणि नाडीच्या दिव्यांचा काडीचा संबंध नसतो, हे तनुजालाही माहीत होतं. तिनं ते थट्टेनं म्हटलं. बुद्धप्रियानं राखाडी घड्याळ घेतलं, आणि नवं सिमही. या वेळी तिसऱ्या झटक्यात तिचा अंगठा जुळला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ती दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात घोकायला लावायची. इथं तिनं दोन्ही एकदम बदलल्या. तिला आता कारण नको होतं, घड्याळ हवं होतं.

राखाडी घड्याळानं उत्पलाची नाडी शहाण्णव दाखवली. बदाम एकसारखं मिचकत राहिलं. जागाही दाखवली, शाळेच्या फाटकापर्यंत अचूक.

बुद्धप्रियानं त्या रात्री आनंदराजला फोन केला. "घड्याळ मिळालं एकदाचं. आता आत्यांचा नंबर बंद करा."

"बघू," तो म्हणाला.

जानेवारीत त्या नंबरचं रिचार्ज संपलं. या खेपेला त्यानं मारलं नाही, तिनं विचारलं नाही. ठरवलं कुणीच नाही, आपोआप झालं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शाळेतून जगदेवी मॅडमचा फोन आला. उत्पला त्यांच्याच वर्गात होती.

"आजारी बिजारी हाय का ओ ती? मधल्या सुट्टीत खेळत न्हाई. भिंतीला टेकून बसती, मांडी घालून. विचारलं तर म्हणती, आज माझा खाडा हाय."

"काय म्हणते?"

"खाडा. शिकवलंय का कुणी घरी?"

बुद्धप्रियानं फोनवर घड्याळ उघडून बघितलं. शाळेचं आवार, हिरवा ठिपका, नाडी शहाण्णव. सगळं बरोबर. इतकं बरोबर घड्याळ तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं मुलीला जवळ घेतलं. "शाळेत कुणाची वाट बघत बसतेस?"

"कुणाची न्हाई."

"मग बसतेस कशाला? चुकामूक झाली तर बसायचं असतं ना?"

उत्पलानं जरा विचार केला. "आता चुकामूक न्हाई. आली ती."

"कोण?"

पण ती चित्रं रंगवायला लागली होती. तिचे हात गार लागत होते. थंडीचे दिवस, बुद्धप्रियानं स्वतःला सांगितलं, आणि तिला स्वेटर घातला.

पुढच्या शनिवारी ती दोघांबरोबर स्वतःच नांदेडला निघाली. अहमदपूरला आनंदराज उतरला नाही; पाणी घरूनच आणलं होतं. लोह्यापर्यंत उत्पला खिडकीला टेकून बसून राहिली. एरवी तिला प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचायची असायची.

आनंदराजची भाड्याची खोली तरोड्यात होती, वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना. रविवारी सकाळी खाली गल्लीत पोरं लगोरी खेळत होती. त्यांनी उत्पलाला दोनदा हाका मारल्या. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसली होती. न्याहरी झाल्यापासून तिथंच होती. आनंदराज तिच्या एका बाजूला बसून उकडलेल्या शेंगा सोलून तिच्या हातात देत होता. ती एकेक दाणा खात होती, सावकाश, समोरच्या दातांनी.

बारा वाजत आले तेव्हा बुद्धप्रिया खाली आली. पायरीवर बसली. मुलीचा हात हातात घेतला. मोजायचं तिच्या मनात नव्हतं. बोटं आपोआप जागेवर गेली.

चार ठोके. मग काही नाही.

तिला वाटलं बोट सरकलं. तिनं नीट धरलं.

चार. मग काही नाही.

वरती राखाडी घड्याळाचं बदाम एकसारखं मिचकत होतं. शहाण्णव.

तिनं त्याच घड्याळाच्या सेकंदांवर पूर्ण मिनिट मोजलं. मग आणखी एक मिनिट. खाली पोरांनी लगोरी पाडली आणि ओरडली. उत्पलानं त्या दिशेनं मान फिरवली, डावा कान पुढं करून, हळू.

दोन्ही मिनिटं बावन्न.

"काय झालं?" आनंदराज म्हणाला.

"आत्यांचं सिम कुठंय?"

"पाकिटात हाय माझ्या. का?"

"त्यावर रिचार्ज मारा."

"आत्ता? आगं, तूच म्हणत होतीस ना, बंद करा म्हणून. मी काय—"

"मारा आधी."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि फोन काढला. मिनिटभरात त्याच्या फोनवर संदेश वाजला. पाकिटातल्या प्लास्टिकच्या पुडीतून त्यानं सिम काढलं.

"घड्याळ काढू नका," ती म्हणाली. "हातावर असू द्या. नुसतं सिम बदला."

एकच गोष्ट बदलायची. घड्याळ तेच, हात तोच, बोटं तीच.

आनंदराजनं नखानं घड्याळाच्या कडेचं रबरी झाकण उचकटलं. नवं सिम बाहेर आलं. आईचं आत गेलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह गोल फिरत राहिलं.

बोटांखाली चार. रिकामं.

चार. रिकामं.

पडद्यावर टॉवरची एक काडी उगवली. दुसरी. तिसरी.

चार.

पाच.

बुद्धप्रियानं बोट उचललं नाही. सहा, सात, आठ. ठोके आता धावत होते, एकामागून एक, लहान, गरम. ती सत्तरपर्यंत मोजत गेली. एकही खंड नव्हता. उत्पलाच्या तळव्याला घाम सुटला होता.

मग तिनं पडद्याकडं बघितलं. बघायची गरज नव्हती.

बावन्न. तांबडं बदाम चार वेळा मिचकलं आणि थांबलं.

आनंदराजनंही ते पाहिलं. त्याला ती वही माहीत होती, आकडा माहीत होता. आईच्या तोंडून खाड्याचा विनोद त्यानं शंभरदा ऐकला होता. त्यानं घड्याळाचं रबरी झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "मग आता... घड्याळ कोणतं ठेवायचं?"

"कोणतंही."

"अन् ह्याचं? एकाच महिन्याचं टाकलंय मी. पुढचं..." तो थांबला. "पुढचं बघू?"

उत्पला उठून उभी राहिली होती. गल्लीकडं बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "सोड ना आई. माझा डाव आला."

"एक मिनिट," बुद्धप्रिया म्हणाली. तिनं मुलीचं मनगट वर उचललं आणि घड्याळ आपल्या तोंडाजवळ आणलं.

उत्पलानं हात तिच्या पकडीतच उलटा वळवला. घड्याळाची दुसरी कड आईकडं केली.

"इकडून बोल," ती म्हणाली. "तिकडून तिला ऐकू येत न्हाई."

बुद्धप्रियानं नवऱ्याकडं बघितलं. मग आवाज चढवून, गल्लीतल्या पोरांनीही वळून बघावं इतक्या मोठ्यानं, ती म्हणाली, "आत्या, तुमचा नंबर आम्ही बंद करणार नाही."